काकांची डायरी आणि ऑफिसची साइट

पुण्यातल्या टिळक रोडजवळच्या एका सीए फर्मचं प्रशासन सांभाळणाऱ्या भगिनींचं पत्र आलं आहे. फर्म १४ जणांची, त्यातले सहा आर्टिकल्स, म्हणजे हाताखाली काम शिकणारे सीएचे विद्यार्थी. "त्याच त्या प्रश्नांना दिवसभर उत्तरं देऊन जीव मेटाकुटीला येतो," असं त्या लिहितात. कुठल्या क्लायंटची डिजिटल सही कधी संपते, एंगेजमेंट लेटरचा (क्लायंटशी कामाच्या अटी ठरवणाऱ्या पत्राचा) ताजा नमुना कुठे आहे, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा. सूचना तीन व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये विखुरलेल्या. आर्टिकल जरा तयार झाला की त्याची मुदत संपते आणि नव्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं. परवा सरांनी सांगितलं, "आपली आतल्या आत वापरायची एक वेबसाइट हवी. दिवाळीच्या आत करून टाका." एका कंपनीचं १ लाख ८० हजारांचं कोटेशन आलंय, दरवर्षीची देखभाल वेगळी. नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो की पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकट करून देतो. आणि २६ वर्षं फर्ममध्ये असलेले अकाउंटंट काका म्हणतात, "साइट कशाला? मी आहे ना, मला विचारा." त्यांचं सगळं त्यांच्या डायरीत असतं. ऑफिसची मेल गूगल वर्कस्पेसवर, म्हणजे गूगलच्या ऑफिसांसाठीच्या सेवेवर, आहे. बाई विचारतात: सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, ऑफिसात ठेवावं की बाहेर, काकांना कसं वळवावं, आणि "मी साधी बी.कॉम., मी यात पडावं का?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जरूर पडा. नऊ वर्षं त्या ऑफिसची घडी तुम्ही बसवलीत. कोण कुणाला काय विचारतं, कुठला कागद कुठे अडतो, हे १४ जणांत तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. यातलं तांत्रिक काम दोन शनिवारांचं आहे आणि ते कुणाकडूनही करून घेता येतं. तुम्हाला जे ठाऊक आहे ते विकत मिळत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबते. "साइट झाली की प्रश्न विचारणं थांबेल," असं तुम्ही लिहिलंय. मला ते तितकंसं खरं वाटत नाही, आणि ते थांबावं असंही वाटत नाही. पण त्याआधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती तुमच्याच ऑफिसची आहे असं वाटावं इतकी जवळची आहे.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वरिष्ठांना एक टिपण दिलं. त्यात मांडलेली अडचण अशी होती: इथे माणसं साधारण दोन वर्षं राहतात, जातात, आणि जाताना माहिती घेऊन जातात. नवा माणूस आला की 'हे कुणी केलं, कुठे लिहून ठेवलंय' हे शोधण्यातच त्याचा वेळ जातो. त्या टिपणातून पुढे वर्ल्ड वाइड वेब उभं राहिलं. म्हणजे आज सगळं जग वापरतं ती गोष्ट मुळात एका संस्थेची आतली साइट म्हणून सुचली होती. आणि सर्नमधले लोक ती रोज उघडायला लागले ते कशासाठी? टेलिफोन डिरेक्टरीसाठी. एरवी फोन नंबर शोधायला मोठ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करावं लागे, इथे तो चटकन मिळायचा.

जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली, हे तुम्ही जाणताच. म्हणजे तुमचं दुखणं तंतोतंत तेच. आणि पहिला उपायही तोच: लोकांना दिवसातून तीनदा लागणारी एखादी साधी गोष्ट तिथे ठेवा. सरांचं मनोगत आणि गणपतीचे फोटो नंतर आले तरी चालतील.

म्हणून सॉफ्टवेअरचं नावही काढण्याआधी एक काम करा. दोनशे पानी वही आणा, टेबलावर ठेवा आणि दोन आठवडे ऑफिसात विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न त्यात टिपा. कुणी विचारला, कुणी उत्तर दिलं, किती वेळ गेला. तुम्हाला विचारलेले तेवढेच टिपू नका, काकांच्या टेबलाशी जाऊन विचारलेलेही टिपा. नारायण पेठेतल्या एका छोट्या ऑफिसात मी हे केलं होतं. मालकांची खात्री होती की सगळ्यांना 'प्रोसिजर मॅन्युअल' हवंय. वहीत सगळ्यात वर निघालं स्कॅनर. त्यानं स्कॅन केलेली फाइल नक्की कुठल्या फोल्डरात जाऊन पडते, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. दुसऱ्या नंबरावर माळ्याची किल्ली. तिथल्या साइटचं पहिलं पान स्कॅनरवर होतं, चार ओळींचं, बटणाच्या फोटोसकट, आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना साइटचा पत्ता पाठ झाला.

मुखपृष्ठ साधं ठेवा. वर शोधायची चौकट. खाली या महिन्याच्या तारखा: ७ ला टीडीएस भरणा, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ विवरणपत्र, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. त्याखाली फोन नंबर आणि वहीतून निघालेले आठ-दहा दुवे. कोटेशनवाल्या कंपनीनं तुम्हाला बहुधा फिरत्या चित्रांचं मुखपृष्ठ दाखवलं असेल, वाढदिवसाच्या फुग्यांसकट. ते बघून सर खूश होतील आणि आर्टिकल पुन्हा ते पान उघडणार नाही.

काय ठेवायचं याइतकंच काय ठेवायचं नाही हेही आधी ठरवा, आणि या बाबतीत मी कडक आहे. क्लायंटचे पासवर्ड साइटवर नकोत. पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, विवरणपत्रांच्या प्रती नकोत. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्याची गरज नसताना बाहेर जाणं हे चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन आहे आणि जबाबदारी सरांवर येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे. पासवर्डसाठी बिटवॉर्डन किंवा कीपाससारखं साधन वापरा. ज्या वहीत आज ते लिहिलेले असतील (बहुतेक ऑफिसांत अशी एक वही असते) ती कपाटात कुलपात जाऊ दे. डिजिटल सह्यांच्या मुदतीची यादी वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि साइटवर फक्त तिचा दुवा द्या. ज्याला अधिकार आहे त्यालाच ती शीट उघडेल. साइटवर 'कसं करायचं' राहील, 'कुणाचं किती' राहणार नाही. अजून एक कसोटी मी लावते: हे पान चुकून क्लायंटनं वाचलं तर त्याला वाईट वाटेल का? 'अमुक शेठ पैसे लटकवतात' हे काकांच्या मनातच राहू दे.

आता तुमच्या पुढचे पर्याय.

तुमची मेल गूगल वर्कस्पेसवर आहे, म्हणजे गूगल साइट्स, वेबसाइट बनवायचं गूगलचं साधन, तुमच्याकडे आत्ताच आहे. जास्तीचे पैसे नाहीत, मशिन नाही, घरून काम करणाऱ्यालाही दिसते, आणि 'फक्त आमच्या ऑफिसच्या खात्यांना' अशी मर्यादा घालता येते. उणीव अशी की तिथली पानं उचलून उद्या दुसरीकडे न्यायची म्हटली तर किचकट होतं. म्हणून मजकूर साइटवर थेट लिहू नका. प्रत्येक कामाचं एक गूगल डॉक करा आणि साइट ही फक्त अनुक्रमणिका ठेवा. डॉक केव्हाही वर्डमध्ये उतरवून घेता येतं आणि कुणी काय बदललं याचा इतिहास त्यात राहतो. फक्त ही डॉक्स आर्टिकलच्या खात्यावरून तयार होऊ देऊ नका. फाइल ज्या खात्यावर जन्मली त्या खात्याच्या मालकीची असते. खातं काढून टाकलं आणि मालकी आधी बदलली नसेल तर फाइलही जाते. ऑफिसच्या नावाचं एक खातं ठेवा आणि सगळी त्यावरून करा. त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आणि कुणालाही त्याच्या घरच्या जीमेलवर प्रवेश देऊ नका. आर्टिकलचा शेवटचा दिवस झाला की ऑफिसचं खातं बंद होतं, घरचं होत नाही.

दुसरा पर्याय, ऑफिसातच एक छोटं मशिन ठेवून त्यावर विकी. विकी म्हणजे जिथे वाचणाराच लिहू शकतो अशी साइट. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली काढली आणि होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून नाव दिलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. तुमच्याएवढ्या ऑफिसला मी डोकुविकी सुचवीन. २००४ पासून आहे, फुकट आहे आणि त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. पानाच्या जुन्या आवृत्त्या ते ज्या फोल्डरात ठेवतं त्याचं नाव 'ॲटिक', म्हणजे आपला माळा. फोल्डर कॉपी केला की बॅकअप झाला. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तुमची अक्षरं तुमच्याकडे राहतात. कुठलं पान कुणी बघावं, कुणी बदलावं, हेही पानागणिक ठरवता येतं.

पण मशिन ऑफिसात आलं की त्याचं सगळं आपल्याकडे येतं, आणि भाच्याशी बोलताना ते सगळं विचारा. तो बहुधा झॅम्प (साइट चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा तयार संच) टाकून देईल. झॅम्प हे शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी बनवलेलं आहे, त्याचे कर्तेच सांगतात की प्रत्यक्ष वापरासाठी ते जसंच्या तसं ठेवू नका. लिनक्सवर नीट बसवायला सांगा. मशिनला राउटरमध्ये एक पत्ता राखून ठेवायला सांगा, १९२.१६८ नं सुरू होणारा. हे पत्ते सोसायटीतल्या फ्लॅट नंबरासारखे असतात, प्रत्येक सोसायटीत तेच, आणि बाहेरच्या रस्त्यावर त्यांना अर्थ नसतो. राखून ठेवला नाही तर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो, मग सकाळी १४ जण 'साइट गेली' म्हणून तुमच्या टेबलाशी उभे. वायफायवर भरवसा ठेवू नका, वायरनंच जोडा. गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघाली की काय होतं ते पुण्यात सांगायला नको, तेव्हा राउटर आणि मशिन दोन्ही यूपीएसवर हवेत. घरून साइट दिसावी म्हणून कुणी राउटरमध्ये बाहेरून थेट वाट उघडायला सांगितली तर ठाम नाही म्हणा. त्यासाठी व्हीपीएन असतं, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद खाजगी वाट.

आणि मशिनवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. सर्नमधल्या जगातल्या पहिल्या वेब सर्व्हरवरही लाल शाईनं हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. तुमच्याकडे ती मराठीत लावा, कारण संध्याकाळी सगळे दिवे-पंखे बंद करून जाणारे मामा मराठी वाचतात.

बॅकअपचं मी स्वतःच्या अनुभवानं सांगते. ज्या ऑफिसचा स्कॅनर वर आला, तिथे मी रोज रात्री आपोआप बॅकअप होईल अशी सोय केली होती. सात महिने तो बिनबोभाट होत होता. मग एका सकाळी मशिनमधून टकटक आवाज यायला लागला आणि डिस्क गेली. बॅकअप त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात होता. दीडशे पानं होती. त्यातली ३० मला सापडली, ती एका मुलीनं प्रिंट काढून पाठपुट्ठ्याला लावून ठेवली होती म्हणून. बाकीची आम्ही आठवून लिहिली, आणि माणसाला सगळं आठवत नाही. तेव्हापासून मी तीन प्रती ठेवते, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून साइट दुसऱ्या मशिनवर उभी करून बघते. हे शेवटचं कुणी करत नाही. तुम्ही करा.

राहिलं १ लाख ८० हजारांचं कोटेशन. ते वाईटच असेल असं मी म्हणत नाही. कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा. आमचा मजकूर आम्हाला साध्या फाइलींत काढून देता येईल का? आम्ही देखभालीचे पैसे थांबवले तर साइटचं काय होतं? नवं पान आमचं आम्ही करू की दरवेळी तुम्हाला सांगावं लागेल? मराठीत शोधता येईल का? तिसऱ्याचं उत्तर 'आम्हाला मेल करा, आम्ही करून देऊ' असं आलं तर पुढचं वाचूही नका.

माझा कौल मागाल तर तुमच्यासाठी गूगल साइट्स. मला स्वतःला डोकुविकी जास्त आवडतं, पण तुमच्या ऑफिसात मशिनकडे बघणारा माणूस नाही, आणि ऐन ऑडिटच्या दिवसांत राउटरशी झटापट करायची वेळ तुमच्यावर येऊ नये. एखाद्या वाचकाच्या ऑफिसात असा माणूस असेल, किंवा माहिती बाहेरच्या कुठल्याच कंपनीकडे जाऊ नये असं वाटत असेल, तर त्यांनी विकीकडे वळावं.

मराठीत शोधण्याचं मघाशी म्हटलं, त्याबद्दल थोडं. तुमच्याकडे जुनी पत्रं, नमुने, ठराव श्री-लिपीत किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असणारच. साइटवर टाकलेत की त्यांची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल आणि शोधून काही सापडणार नाही. ते मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, तिथे घोटाळे राहतात. आणि पानांची नावं लोक बोलतात तशी द्या. 'लीव्ह मॅनेजमेंट पॉलिसी' नको, 'रजा कशी टाकायची' हवं.

आता काकांकडे येते. खरं तर पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवला.

'काकांना वळवायचं कसं' असं तुम्ही विचारलंय. वळवायचं म्हणजे ते चुकीच्या दिशेला उभे आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. जरा त्यांच्या खुर्चीतून बघा. २६ वर्षं. टॅलीच्या आधीचे रोजकीर्द-खतावणीचे दिवस, मग टॅली, मग २०१७ चा जीएसटी, मग सगळं पोर्टलवर. प्रत्येक वेळी साठीकडे झुकणाऱ्या या माणसानं पुन्हा पहिलीपासून शिकून घेतलं. दिवसातून दहा वेळा कुणीतरी येऊन 'काका, हे कसं करायचं' विचारतं, हीच त्यांची ऑफिसातली जागा आहे. आणि आपण जाऊन सांगतो, तुमच्या डोक्यातलं सगळं इथे उतरवून द्या म्हणजे तुम्हाला कुणी विचारणार नाही. कुणी हो म्हणेल? 'मी आहे ना' या शब्दांत मला हट्ट ऐकू येत नाही. मी अजून आहे ना, असं ते विचारताहेत.

तेव्हा त्यांच्याकडे डायरी मागू नका. टाइप करायला तर मुळीच सांगू नका. चारचा चहा झाला की अर्धा तास त्यांच्याशेजारी खुर्ची घेऊन बसा आणि एकच गोष्ट विचारा. समजा, आयकराची नोटीस आली तर पहिल्या दिवशी तुम्ही काय करता? ते सांगतील: आधी नोटीस खरी आहे का बघतो. ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्येक नोटिशीवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो, तो पोर्टलवर टाकून तपासतो. मग उत्तराची शेवटची तारीख फायलीच्या पुठ्ठ्यावर लाल पेननं. मग क्लायंटला फोन, पण फोनवर 'नोटीस' हा शब्द नाही, आधी 'एक पत्र आलंय, घाबरण्यासारखं नाही' म्हणायचं, कारण गेल्या वेळी एका आजोबांचं ब्लड प्रेशर वाढलं होतं. बघा, हे शेवटचं कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही आणि नव्या पोरांना नेमकं तेच शिकायचं असतं. तुम्ही ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. हात चालत नसेल तर फोनवर मराठीत बोलून टाइप होतं, तेही बरं चालतं. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवा. ते पेन काढून दुरुस्त्या करतील. त्या करून पान लावा, आणि पानाच्या वरच त्यांचं नाव घाला: 'माहिती आणि तपासणी' अमुक, तारीख तमुक.

एकदा नाव लागलं की ते पान काकांचं. मग एखादा आर्टिकल येऊन 'काका, तुमच्या पानावर जुनी तारीख आहे' म्हणेल, तेव्हा ते स्वतः तुमच्याकडे येतील.

यातून पुढचा नियम निघतो, आणि माझं तुम्हाला सांगणं खरं म्हणजे हेच आहे. आर्टिकल्सना काकांना विचारू द्या. तुम्हाला विचारू द्या. फक्त ज्यानं विचारलं, त्यानं त्याच दिवशी उत्तर साइटवर लिहायचं. उत्तर देणाऱ्यानं नाही, विचारणाऱ्यानं. काकांनी लिहिलं तर ते तीन पायऱ्या गाळतील, कारण त्यांच्या लेखी त्या सांगायच्या गोष्टीच नाहीत. सकाळपर्यंत ज्याला माहीत नव्हतं त्यालाच ठाऊक असतं की अडतं कुठे. लिहून झालं की काकांनी एकदा नजर घालायची, नाव दोघांचं. पोराला लिहिता लिहिता समजतं, काकांचं विचारलं जाणं टिकतं, आणि तुम्हाला एकटीला साइट भरत बसावं लागत नाही. अशा साइट्स बहुतेक वेळा मरतात त्या एकट्या माणसावर पडल्यामुळे. आर्टिकलच्या शेवटच्या आठवड्यात त्याला निरोपाच्या केकबरोबर एक काम द्या: त्यानं लिहिलेली पानं त्याच्या जागी आलेल्याला समोर बसवून वाचून दाखवायची, आणि त्याला न कळलेलं तिथल्या तिथे सुधारायचं.

प्रत्येक पानाखाली तपासल्याची तारीख हवीच. तुमच्या धंद्यात शिळं पान हे नसलेल्या पानापेक्षा घातक. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. जुन्या कलमाचा पाठ करून ठेवलेला क्रमांक एखाद्या पोरानं साइटवरून उचलून उत्तरात घातला तर? म्हणून दर तीन महिन्यांनी एक दुपार काढा, पानं वाटून घ्या, आणि ज्याचा उपयोग उरला नाही ते निःशंक काढून टाका.

सरांशीही दोन गोष्टी बोलून घ्या. एक, दिवाळीची मुदत. सप्टेंबर-ऑक्टोबर तुमच्याकडे ऑडिटचा हंगाम, तेव्हा कुणी मान वर करणार नाही. दिवाळीपर्यंत फक्त दहा पानं कबूल करा आणि ती चोख द्या. बाकी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाढतील. दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. व्हॉट्सॲप ग्रुप बंद करायची गरज नाही, पण सरांनी स्वतः तिथे लांबलचक सूचना टाकणं थांबवलं पाहिजे. सूचना साइटवर, ग्रुपवर फक्त दुवा. आणि कुणी केबिनमध्ये येऊन साइटवर असलेलीच गोष्ट विचारली तर सरांनी एकदा तरी म्हणावं, "चल, पानावर बघू." त्यांनी उघडून दाखवलं की बाकीचे उघडतील.

अशीच पत्रं मला दवाखाने, आर्किटेक्टची ऑफिसं आणि भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमधूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहिते. वही सगळ्यांना लागू आहे. वर्कशॉपमध्ये कामगारासमोर कॉम्प्युटर नसतो, तिथे प्रत्येक मशिनवर त्याच्या पानाचा क्यूआर कोड लॅमिनेट करून चिकटवा, फोन सगळ्यांकडे आहे. दवाखान्यांनी पेशंटच्या नोंदी या साइटपासून पूर्ण वेगळ्या ठेवाव्यात. आर्किटेक्ट मंडळींनी नकाशे साइटवर चढवू नयेत, नकाशा कुठल्या फोल्डरात आहे आणि शेवटची मंजूर आवृत्ती कुठली, एवढंच लिहावं.

भाच्याला नाही म्हणू नका. गूगल साइट्स घेतली तरी त्याच्याजोगं काम आहे: तीन महिन्यांनी सगळी डॉक्स उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवायची, ती उघडतात का बघायचं, आणि गेलेल्या आर्टिकल्सची खाती खरंच बंद आहेत का हे तुमच्याशेजारी बसून तपासायचं. एका शनिवारची सकाळ पुरते. फुकट करू देऊ नका, सरांकडून त्याला रीतसर पैसे मिळवून द्या, आणि त्यानं काय केलं ते त्याच्याकडून एका पानावर लिहून घ्या, त्याच्या नावानं.